काजळीचा कारभार

मोटारगाडी विकत घेणाऱ्या गृहस्थाला तिच्या रंगाची, गाद्यांची, आणि अलीकडे तर दर्शनी फळीवर बसवलेल्या पडद्याच्या लांबीरुंदीचीसुद्धा कसून चौकशी करण्याची हौस असते. परंतु ज्या जागेवर त्या गाडीची पुढील आठ-दहा वर्षांतील चाल पुष्कळ अंशी अवलंबून राहावयाची, ती जागा, म्हणजे सिलिंडरात हवा सोडणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हची पाठ, तो आयुष्यात एकदाही पाहत नाही, आणि पाहावी असे त्याला कोणी सुचवीतही नाही. सिलिंडरात थेट इंधन फवारणाऱ्या नव्या पद्धतीच्या पेट्रोल इंजिनाने बरीच मजल मारली, की ह्या पाठीवर पुष्कळदा काळ्या, तेलकट, वरून ठिसूळ आणि आतून चिवट अशा कवचाचा थर जमलेला आढळतो; लोखंडी तव्याच्या बाहेरच्या अंगाला वर्षानुवर्षे धरलेली खापरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्याचे वेगळे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. कवच वाढले की हवेची वाट अरुंद होते, निरनिराळ्या सिलिंडरांच्या वाट्याला हवा कमीजास्त येऊ लागते, सकाळी थंड इंजिन सुरू केले की ते पहिले मिनिटभर लंगडत चालते, चढावर ‘पिकअप’ मिळत नाही, आणि गॅरेजातला पोरगा दोन शब्दांत निदान सांगून मोकळा होतो : ‘कार्बन धरलाय.’

ह्या दोन शब्दांच्या भांडवलावर आज आपल्या लहानमोठ्या शहरांतून एक नवाच धंदा उभा राहिला आहे. कोणी हायड्रोजनचे यंत्र छोट्या टेंपोत घालून थेट गिऱ्हाइकाच्या दारात येतो, कोणी टाकीत ओतावयाची बाटली देतो, कोणी सर्व्हिसिंगच्या बिलात मालकाला न विचारताच एक रकमेची ओळ वाढवतो. कुर्ल्यापासून भोसरीपर्यंतच्या काही कार्यशाळा हिंडल्यावर माझे मत असे झाले की, कार्बन म्हणून ज्याला सरसकट संबोधले जाते, तो एकाच ठिकाणचा रहिवासी नव्हे. तो कोठे बसला आहे आणि कोणत्या वाटेने तेथे आला, ह्याचा आधी पंचनामा केल्यावाचून त्याला काढण्याची तजवीज करू जाणे म्हणजे घर सोडून भलत्याच दारावर जप्ती नेणे होय. आणि ह्या पंचनाम्यात शिरले की ध्यानात येते ती गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. व्हॉल्व्हच्या पाठीवरची ही काजळी कोणाच्या बेपर्वाईमुळे जन्माला आलेली नाही. हवा शुद्ध राहावी ह्या एका सद्‌हेतूचा आणि इंधन कमी लागावे ह्या दुसऱ्या सद्‌हेतूचा सुमारे पस्तीस वर्षांच्या अंतराने जो संयोग घडला, त्याचे ते अपत्य आहे.

तसे पाहिले तर काजळी ही इंजिनाइतकीच जुनी. पेट्रोल संपूर्ण जळाले तर त्यातून कार्बन डायॉक्साइड आणि पाण्याची वाफ एवढेच निघावयास हवे. परंतु सिलिंडराच्या भिंतीलगत, जेथे धातूच्या गारव्याने ज्योत विझते, तेथे काही इंधन अर्धेकच्चे राहते, पिस्टनच्या रिंगांमधून थोडे वंगणतेल वर चढते, आणि ह्या दोहोंच्या मिश्रणाचा कोळसा ज्वलनकक्षाच्या छतावर व पिस्टनच्या माथ्यावर बसत जातो. तेथे बसल्यावर तो दोन उपद्व्याप करतो : कक्षाचे आकारमान घटवून संपीडन वाढवतो, आणि उष्णता बाहेर जाऊ न देता स्वतः निखाऱ्यासारखा तापून राहतो. परिणामी ठिणगी पडण्याची वाट न पाहता मिश्रण आपल्या मर्जीने पेट घेऊ लागते, आणि किल्ली बंद करून मालक उतरला तरी इंजिन काही क्षण धडधडत राहते. कार्ब्युरेटरच्या काळातील फियाट किंवा अँबॅसडर ज्यांनी वापरली आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही.

त्या काळी ह्यावर उपाय एकच, आणि तोही सर्वमान्य, की हेड उतरवायचे. इंग्लंडातील मोटारींच्या पुस्तिकांतून काही हजार मैलांनंतर हे काम करावे असा दंडकच घालून दिलेला असे. अमेरिकेतील गॅरेजांत तर पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एक धाडसी रीत रूढ होती : स्पार्क प्लग काढावयाचा, त्या भोकातून ऑक्सिजनचा झोत सोडावयाचा, आत जळती काडी टाकावयाची, आणि ठिणग्यांच्या वर्षावात कार्बन जागच्या जागी जाळून टाकावयाचा. आजच्या टेंपोतील यंत्रांच्या जाहिराती वाचताना ह्या पूर्वजाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. फरक इतकाच की, त्या कारागिराला कार्बन जळताना निदान डोळ्यांनी दिसत असे.

मुंबईत ह्या विद्येचे मोठे पीठ म्हणजे कुर्ला. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तेथे होता, तेथूनच फियाट आणि पुढे तिचीच पद्मिनी बाहेर पडे, आणि साहजिकच तिचे शल्यवैद्यही त्याच पंचक्रोशीत नांदत. त्यांपैकी एका वयोवृद्ध मिस्त्र्याने, हात आता थरथरतात अशी सबब सांगून, परंतु बोलण्याच्या भरात ते न थरथरता हवेत फिरवीत, मला सबंध क्रम समजावून दिला. आधी रेडिएटरचे पाणी सोडावयाचे, कार्ब्युरेटर आणि रॉकरचे झाकण उतरवावयाचे, मग हेडचे नट एका ठरलेल्या क्रमानेच, थोडे थोडे करून सैल करावयाचे, कारण ॲल्युमिनियमचे हेड एका अंगाने मोकळे केले तर ते वाकते. हेड हाती आले की पितळी पट्टीने किंवा लाकडाच्या खपलीने कार्बन खरवडावयाचा. पोलादी हत्यार लावणारा पोरगा त्या दिवशी चहाला मुकत असे. पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन काढताना मात्र कडेने एक बारीक वर्तुळ मुद्दाम तसेच राखावयाचे, कारण जुन्या पिस्टनला तेच वर्तुळ खालून येणारे तेल अडवून धरते. नंतर व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक ह्यांच्यामध्ये आधी जाड व मग बारीक पेस्ट लावून, दांडी दोन्ही तळव्यांमध्ये धरून, बैठकीवर चहूकडून सारखी राखाडी कडा उमटेपर्यंत घासत बसावयाचे; आणि शेवटी पोर्टमध्ये रॉकेल ओतून, ते व्हॉल्व्हच्या कडेने झिरपते की नाही हे पाहावयाचे.

‘मिस्त्री, एवढे केल्यावर गाडीत फरक पडे का?’ मी विचारले.

‘पडे का म्हणजे? साहेब, तेव्हा कार्बन हातात यायचा. वाटीभर काढून गिऱ्हाइकाला दाखवायचो. आता मशीन म्हणतं निघाला, की निघाला म्हणायचं.’

त्या विद्येचा अंमल दोन कारणांनी संपुष्टात आला. एक म्हणजे इंधन सुधारले. टॉमस मिजली ह्या अमेरिकन अभियंत्याने १९२१ साली शोधून काढलेले शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये मिसळून इंजिनाचा ठोका थांबवण्याची जी प्रथा जगभर पडली होती, ती भारतात १ फेब्रुवारी २००० पासून पूर्णपणे बंद झाली, आणि व्हॉल्व्हवर व प्लगवर बसणारा शिशाचा राखट थर नाहीसा झाला. दुसरे कारण म्हणजे गाड्याच गेल्या. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ सालच्या ऑक्टोबरातील होती. वीस वर्षांची मुदत भरल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती जात टॅक्सीच्या दप्तरातून कायमची उतरली.

आता त्या पहिल्या सद्‌हेतूकडे वळावयास हवे. पिस्टनच्या रिंगा कितीही चोख असल्या तरी ज्वलनाचे काही वायू त्यांच्या फटींतून खाली, तेलाच्या कोठीत उतरतातच. त्यांच्यात न जळालेले पेट्रोल असते, पाण्याची वाफ असते, काजळी असते, आणि खळबळणाऱ्या तेलाचे सूक्ष्म तुषार त्यांत मिसळतात. जुन्या गाड्यांत ह्या वाफांसाठी एक उघडी नळी खाली रस्त्याकडे सोडलेली असे आणि गाडी धावली की त्या वाऱ्यावर निघून जात. कोणाचीच त्याला हरकत नव्हती. पुढे लॉस एंजलिस शहरावर दुपारी उतरणाऱ्या, डोळे चुरचुरवणाऱ्या पिवळट धुरक्याने लोक हैराण झाले, तेव्हा कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील आरी हाखेन-स्मिट ह्या डच वंशाच्या जीवरसायनशास्त्रज्ञाने, जो तोवर अननसाच्या स्वादाचे पृथक्करण करण्यात मग्न होता, आपली उपकरणे खिडकीबाहेरच्या हवेकडे वळवली, आणि मोटारी व तेलशुद्धीकरणाचे कारखाने ह्यांतून निघणाऱ्या हायड्रोकार्बन वाफांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुरके बनते असे सप्रयोग सिद्ध केले. गाडीतून बाहेर पडणाऱ्या अशा वाफांपैकी सुमारे पंचमांश वाफा ह्या तेलाच्या कोठीच्या नळीतून येतात, हेही निष्पन्न झाले. कॅलिफोर्निया राज्याने १९६१ साली हुकूम काढला की नळी बंद करा आणि त्या वाफा परत इंजिनाच्या हवेच्या वाटेत सोडून जाळा. १९६३ सालापासून तो तेथे विक्रीस येणाऱ्या अमेरिकन गाड्यांना लागू झाला. मोटारीच्या प्रदूषणावर घातलेला हा अमेरिकेतील पहिला निर्बंध. ह्या व्यवस्थेला पीसीव्ही म्हणतात आणि आज रस्त्यावरील जवळपास प्रत्येक मोटारीत ती एका ना एका रूपात आहे.

हुकूम शहाणपणाचा होता ह्यात संशय नाही. परंतु त्याचा अर्थ असा झाला की, जी घाण इंजिन आजवर रस्त्यावर टाकीत होते, ती त्याला श्वासाबरोबर परत गिळावी लागली, आणि गिळताना ती तापलेल्या इनटेक व्हॉल्व्हला पुसून जाऊ लागली. तेलाचा तुषार तापलेल्या धातूवर पडला की त्याचा हलका भाग उडून जातो, जड भाग आधी चिकट आणि मग घट्ट होतो, आणि त्याच्या चिकटपणावर पुढची काजळी येऊन बसते. तरीही त्या वेळी फारसा अनर्थ घडला नाही, कारण त्याच वाटेने पेट्रोलही येत होते. कार्ब्युरेटर असो की नंतरचा पोर्टमधील इंजेक्टर असो, पेट्रोलची फवार व्हॉल्व्हच्या पाठीवरच पडे, आणि पेट्रोल हे मुळातच उत्तम क्षालक असल्यामुळे व्हॉल्व्ह क्षणोक्षणी धुऊन निघे.

अर्थात ही धुलाईसुद्धा निर्वेध नव्हती. १९८० नंतरच्या दशकात इंजेक्टरांच्या बारीक छिद्रांत आणि व्हॉल्व्हवर इतका मळ धरू लागला की, सच्छिद्र कवच आलेले पेट्रोल शोषून घेई आणि थंड गाडी ॲक्सिलरेटर दाबताच अडखळे. बीएमडब्ल्यू कंपनीची ३१८आय ही गाडी दहा हजार मैल चालवून, मग व्हॉल्व्ह उतरवून, त्यांवरील मळ तराजूत तोलून पेट्रोलची परीक्षा घेण्याची पद्धत त्याच काळातली. प्रत्येक व्हॉल्व्हमागे सरासरी शंभर मिलिग्रॅमपेक्षा अधिक मळ भरता कामा नये, ही तिची कडक अट. पुढे अमेरिकेत तिला प्रमाणित चाचणीचा दर्जा मिळाला, आणि १९९५ पासून तेथील प्रत्येक पेट्रोलमध्ये मळ काढणारे द्रव्य घालणे सक्तीचे झाले. ह्या द्रव्यांचाही एक मासलेवाईक स्वभाव आहे. पॉलिआयसोब्युटिलीन अमाइन नावाचे जे द्रव्य व्हॉल्व्ह निर्मळ ठेवते, तेच ज्वलनकक्षात मात्र स्वतः थोडे कोळशासारखे उरते. म्हणजे ओसरी झाडून केर माजघरात लोटावा तशातला प्रकार. पॉलिईथर अमाइन हे त्याचे महागडे भावंड ह्या बाबतीत अधिक सुशील समजले जाते.

दुसरा सद्‌हेतू इंधन वाचवण्याचा. पेट्रोल पोर्टमध्ये न सोडता, डिझेलप्रमाणे थेट सिलिंडरात मोठ्या दाबाने फवारले, तर त्याच्या बाष्पीभवनाने आतली हवा गार होते, संपीडन वाढवता येते, आणि लहान इंजिनाला टर्बो जोडून मोठ्याचे काम करवून घेता येते. कल्पना नवी मुळीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या डाइमलर-बेंझ विमानइंजिनांत थेट फवारणी होती, आणि एकाएकी सूर मारताना कार्ब्युरेटरवरची इंग्रज विमाने क्षणभर गुदमरत तेव्हा ही गुदमरत नसत. १९५४ सालच्या मर्सिडीझ-बेंझ ३००एसएल ह्या पंखासारखे दरवाजे असलेल्या प्रसिद्ध गाडीत बॉश कंपनीचा यांत्रिक पंप तेच काम करी. तो इग्निशन बंद केल्यावरही इंजिन थांबेपर्यंत पेट्रोल ढकलीत राही, ते सिलिंडरावरील तेल धुऊन खाली नेई, आणि मालकाला तेल वरचेवर बदलावे लागे. परंतु सर्वसामान्यांच्या गाडीत ही पद्धत रुजण्यास इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची वाट पाहावी लागली. १९९६ साली जपानात मित्सुबिशीने जीडीआय ह्या नावाने ती बाजारात आणली, चालू शतकाच्या आरंभापासून फोक्सवॅगन-आउडी समूहाने ती युरोपात पसरवली, आणि पुढे टर्बोच्या जोडीने ती सर्वत्र रूढ झाली. पोर्टमधील इंजेक्टर वातावरणाच्या तीनचार पट दाबावर काम करतो. ह्या नव्याचा दाब दोनशे ते साडेतीनशे पटींपर्यंत जातो.

ह्या सगळ्या लाभात एक गोष्ट मुकाट्याने गेली, ती व्हॉल्व्हची धुलाई. तेलाच्या वाफा येत राहिल्या, फक्त त्यांच्या मागोमाग येणारे पेट्रोल नाहीसे झाले. म्हणून टाकीत ओतावयाची बाटली, मग तिच्यातील रसायन कितीही उंची असो, थेट फवारणीच्या इंजिनातील व्हॉल्व्हच्या पाठीपर्यंत पोहोचूच शकत नाही, कारण त्या वाटेने पेट्रोल जातच नाही. ती इंजेक्टरच्या टोकावरचा मळ काढील, ज्वलनकक्षातील थोडाबहुत काढील. पाठ जशी होती तशीच राहील. गाडी महामार्गावर खेचून चालवण्याचा जो सल्ला जुने जाणते देतात, त्याचेही तसेच. त्याने प्लग आणि कक्ष तापून स्वच्छ होतात, परंतु इनटेक व्हॉल्व्ह येणाऱ्या ताज्या हवेने सतत गार होत असल्यामुळे एरवीच्या चालवण्यात ते कवच जळून जाण्याइतका क्वचितच तापतो. आउडीच्या आरएस४ ह्या दौडीच्या गाडीच्या धन्यांत ह्या तक्रारीचा मोठा बोभाटा झाला, आणि बीएमडब्ल्यू कंपनीने आपल्या कार्यशाळांसाठी अक्रोडाच्या टरफलांचा भुगा मारून व्हॉल्व्ह साफ करण्याची साधने पुरवली, तेव्हा ह्या रोगाला अधिकृत मान्यताच मिळाली म्हणावयाची.

हा अक्रोडाचा प्रयोग मी भोसरीच्या एका कार्यशाळेत सबंध उभा राहून पाहिला. इनटेक मॅनिफोल्ड उतरवल्यावर पोर्टची काळी विवरे उघडी पडतात. कामगार क्रँक हाताने फिरवून एका सिलिंडराचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटतील अशा ठिकाणी आणतो आणि कॅमेऱ्याने ते खरोखर मिटले आहेत ह्याची खातरजमा करतो. ह्या एका गोष्टीत चूक झाली तर भुगा थेट सिलिंडरात उतरतो, म्हणून ह्या खातरजमेची दोनदा रुजवात घेण्याची तेथे शिस्त होती. मग पोर्टच्या तोंडाशी एक जोडनळी बसवतात, तिला एका बाजूने मोठा व्हॅक्यूम आणि दुसऱ्या बाजूने काँप्रेसरच्या हवेवर चालणारी बंदूक. बंदुकीचा चाप दाबला की भुग्याचे कण त्या बंद पोकळीत आदळतात, कवच फुटते आणि दोन्ही मिळून व्हॅक्यूममध्ये ओढले जातात. अक्रोडच का, तर त्याचे टरफल कार्बनचे कवच फोडण्याइतके कठीण, पण पोलादाला ओरखडा न पाडण्याइतके मऊ आहे, आणि चुकून एखादा कण आत राहिलाच तर तो वाळूसारखा सिलिंडर न खरवडता जळून जातो. विमानांच्या व वीजकेंद्रांच्या टर्बाइनांची पाती धुण्यासही हाच भुगा वापरला गेला आहे. जेथे थर जाड होता तेथे आधी द्रावण घालून भिजवावे लागले आणि आकड्याने उचकटावे लागले. एकेक सिलिंडर असा करीत काम संपले, तेव्हा कॅमेऱ्यात दिसणारी व्हॉल्व्हची पाठ नव्या भांड्यासारखी लखलखत नव्हती, परंतु धातूचा रंग ओळखू येत होता, आणि हवेला तेवढे पुरते.

आता त्या टेंपोतील यंत्राकडे. पाण्यातून वीज खेळवून हायड्रोजन व ऑक्सिजन ह्यांचा मिश्र वायू करावयाचा, तो अर्धापाऊण तास चालू इंजिनाच्या हवेत सोडावयाचा, आणि त्याने सर्व कार्बन नाहीसा झाला असे जाहीर करावयाचे, हा त्याचा कार्यक्रम. मी त्याला सर्वस्वी थोतांड म्हणणार नाही. तो वायू जळतो तो सिलिंडरात, तेथे त्यापासून वाफ होते, आणि ज्वलनकक्षातील सैल कार्बनावर वाफेचा काही परिणाम होतो. चालू इंजिनाच्या कार्ब्युरेटरात पाण्याचे थेंब सोडून पिस्टनचा माथा साफ करणारे मिस्त्री पूर्वीही होते. परंतु इनटेक पोर्टमध्ये ज्योत नसते, तेथे हा वायू नुसता प्रवासी म्हणून जातो, आणि ज्वलनानंतरच्या वायूची वाट तर पलीकडच्या सायलेन्सरकडे. तेव्हा ज्या जागेसाठी हा उपचार विकला जातो, तेथे तो पोहोचण्याचे साधन काय, हे विचारण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला असावयास हवा. इनटेकच्या तोंडातून मारावयाच्या फवाऱ्याची गोष्ट निराळी. तो निदान त्या वाटेने जातो, कोवळा थर मऊ करतो. पण जुना, जाड थर त्याने मोठ्या ढेकळांत सुटला तर ती ढेकळे एक्झॉस्टमधून टर्बोच्या पात्यांवर जाण्याची धास्ती असते, म्हणून तो आरंभापासून नेमाने मारला तरच उपयोगी, रोग बळावल्यावर नव्हे. धंदेवाईकांची मला मौज वाटते ती ही की, यंत्र लावण्यापूर्वी आणि नंतर व्हॉल्व्हचा फोटो काढून द्या म्हटले, की त्यांच्यापैकी बहुतेकांना दुसऱ्या गिऱ्हाइकाची घाई होते.

डिझेलचा मामला स्वतंत्र आहे, आणि आपल्या रस्त्यांवर तो अधिक काळा आहे. अतितप्त ज्वलनात हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन एक होऊन जे विषारी वायू होतात, ते रोखण्यासाठी जळलेल्या वायूचा काही अंश पुन्हा हवेच्या वाटेत सोडण्याची ईजीआर नावाची युक्ती आहे. डिझेलच्या ह्या वायूत काजळी. तिला पीसीव्हीतून आलेले तेल भेटले की मॅनिफोल्डमध्ये डांबर तयार होते, आणि मनगट जाईल एवढी वाट अंगठा जाईल एवढी उरते. हे मॅनिफोल्ड उतरवून, भिजवून, खरवडून काढण्यावाचून गत्यंतर नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाली आणि डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्षात पन्नास भागांवरून दहांवर आले. त्याचबरोबर डिझेल मोटारींच्या सायलेन्सरात काजळी धरून ठेवणारा डीपीएफ हा गाळणा आला. तो भरला की इंजिन स्वतः जास्तीचे डिझेल सोडून त्याचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळते. परंतु त्यासाठी गाडी काही वेळ सलग आणि बऱ्या वेगाने धावली पाहिजे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर हे विनासायास घडते. कोथरूडहून हिंजवडीला रोज रखडत जाणाऱ्याच्या गाडीत मात्र हे जाळणे अर्ध्यावर तुटते, सोडलेले डिझेल रिंगांवरून खाली तेलात उतरते, आणि मालक तेलाची पट्टी पाहतो तर पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली. ती वाढ शुभलक्षण समजून तो समाधानाने बॉनेट लावतो, हे त्यातले दुर्दैव.

ह्यावर आपल्याकडे एक पळवाट निघाली आहे, ईजीआरच्या तोंडावर पत्रा ठोकणे आणि डीपीएफ आतून पोकळ करून संगणकाला खोटी साक्ष शिकवणे. गाडी काही दिवस हलकी चालते हे खरे. परंतु मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ बनावटीत असा फेरफार करण्यास मनाई करते, केंद्रीय नियमावलीचा ११५ वा नियम धुराची मर्यादा घालतो, आणि ती काजळी ज्यांच्या नाकातोंडात जाते ते बसच्या रांगेत उभे असतात. मला ही पळवाट हुकमाची अवज्ञा म्हणून जितकी खटकते, त्याहून अधिक, गॅरेजातले हुशार हात अशा कामाला लागतात म्हणून खटकते.

कारखानदारांनी आपल्या परीने तोड काढली नाही असे नाही. टोयोटाने प्रत्येक सिलिंडराला दोन इंजेक्टर दिले, एक थेट आत आणि एक जुन्या जागी पोर्टमध्ये, म्हणजे पाठ धुण्याची सोय परत आली. फोक्सवॅगन समूहाने काही इंजिनांत आणि फोर्डने २०१७ च्या सुमारास आपल्या मोठ्या टर्बो इंजिनांत हाच मार्ग धरला. तो खर्चाचा आहे, म्हणून सर्वत्र आला नाही. मध्यंतरी तेलवाल्यांनीही आपला वाटा उचलला. एका ठराविक चाचणीत तेल अडीचशे अंशांवर एक तास तापवून किती उडून जाते ते मोजतात. आजच्या मानकांप्रमाणे पंधरा टक्क्यांहून अधिक उडता कामा नये, आणि जे कमी उडते ते व्हॉल्व्हवर कमी बसते. तेल वेळेवर, आणि पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच बदलावे, हा नीरस सल्ला ह्या आजारात तरी खरोखरीचा आहे.

आणखी एक गोष्ट वाचकांपैकी पुष्कळांना दिलासा देईल. आपल्या रस्त्यांवरील लहान गाड्यांपैकी बहुसंख्य गाड्यांत, विशेषतः टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनांत, अजूनही जुनी पोर्टमधील फवारणीच आहे, आणि तेथे पेट्रोल आपले काम चोख करीत असते. मारुतीच्या ड्युअलजेट इंजिनाच्या नावाने फसून जाऊ नये. त्याचे दोन्ही इंजेक्टर पोर्टमध्येच आहेत. फ्राँक्समधील बूस्टरजेट मात्र थेट फवारणीचे. चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगनच्या एक लिटर टीएसआयचे तसेच, आणि ह्युंडाईच्या एक लिटर टर्बोचेही.

भोसरीच्या त्याच कार्यशाळेत, अक्रोडाचा भुगा झाडून होत होता तेवढ्यात, एक गृहस्थ आपली लहान पेट्रोल गाडी घेऊन आले. गाडी मिसिंग मारते, कार्बन धरला आहे, हायड्रोजन मारून द्या, असा त्यांचा तयार हुकूम. मालकाने यंत्राचे नावही न काढता आधी स्कॅनर लावला, तर तिसऱ्या सिलिंडराची नोंद निघाली. त्याने तिसऱ्याची इग्निशन कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर बसवली आणि पुन्हा इंजिन सुरू केले. नोंद पहिल्यावर गेली. कॉइल बदलली, इंजिन सुतासारखे सरळ चालू लागले. गिऱ्हाइकाचे समाधान झाले नाही. गाडी पोर्ट इंजेक्शनची आहे आणि व्हॉल्व्ह स्वच्छ असणार, हे त्यांना कॅमेऱ्यावर दाखवावे लागले. पडद्याकडे बराच वेळ पाहून ते म्हणाले, ‘बरं, पण आता आलोच आहे तर थोडा काढून टाका की.’

‘नसलेला कुठून काढू, काका?’ मालक म्हणाला, आणि कॉइलचे बिल लिहू लागला.